ठिपका दक्षिणेला निघाला

फेब्रुवारीत डेहराडूनहून फोन आला :
सत्तावीस नंबर चुकलाय.
पट्टकदंब तो, डोक्यावर दोन काळे पट्टे,
हिमालय ओलांडून येतो
आणि मार्चात त्याच वाटेनं परत.
पण पडद्यावरचा ठिपका
आमचा कोसबीचा तलाव सोडून दक्षिणेला निघाला होता,
ताशी चाळीसच्या वेगानं.
मूलला थांबला.
राजुऱ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर तासभर थांबला.
मग गोदावरीपलीकडे
खम्ममकडच्या एका शेतात उतरला, आणि तिथंच राहिला.

तिथं पाणी आहे का, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, मिरची आहे.

दुर्बीण घरीच ठेवून पाळीवर गेलो.
देवधान यंदा उगवलंच नव्हतं,
काठानं नुसती बेशरम, निळी-जांभळी फुललेली.
डोंगे पालथे घातलेले.
ढिवर मोहल्ल्यात अकरा कुलुपं,
आणि बाराव्या दारात भागरथाबाई, जाळं उसवत.
"थे पतिरामनं नेलं," ती म्हणाली.
"जाऱ्यात गावलं होतं, पाखरू नोहतं, नुसतं डबडं.
पोट्टीच्या गऱ्यात बांधलन.
हरपली त सापडन मने."

हे मीच सांगितलं होतं पतिरामला.
दिवाळीत, डोंग्यात बसून, मोठ्या ऐटीत :
हे यंत्र ज्याच्या अंगावर
तो जगात कुठंही हरवत नाही.

डेहराडूनला कळवलं. यंत्र सुटलंय,
नोंदी बाद धरा.
पण बंद करू नका एवढ्यात.
का, ते विचारलं नाही त्यांनी,
किंवा विचारलं असेल, रेंज गेली होती.

आता रोज संध्याकाळी बघतो.
पालापासून बोअरवेलपर्यंत, बोअरवेलपासून बांधापर्यंत,
दुपारी दोन तास हालचाल नाही
(सावलीला निजवत असतील).
सहा वर्षांच्या सेजलचं सारं जग
दीडशे मीटर.

मार्च सरता सरता कदंब गेले.
मोजले तेव्हा त्रेचाळीस होते,
त्यांतला सत्तावीस कोणता, ओळखू आलं नाही.
वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : उत्तरेला, पहाटे.

काल रात्री ठिपका हलला.
गोदावरीच्या अलीकडे आला.
ताशी चाळीस.
राजुऱ्याजवळ, त्याच ढाब्यावर, थांबला.
मी जेवत होतो.
हातातला घास तसाच धरून
मीही थांबलो.