दहा तेत्रीची झोप

साडेसहाला सुरू होतं, गजर लावल्यासारखं.
आधी हनुवटी थरथरते, मग मुठी,
मग गुडघे पोटाशी,
आणि तेक्लेच्या वीतभर छातीतून असा टाहो फुटतो
की समोरच्या इमारतीतलं कुणीतरी पडदा ओढून घेतं.

शेपूचं पाणी झालं.
इस्त्रीनं गरम केलेलं फडकं पोटावर झालं.
उजवा खांदा, डावा खांदा,
हातावर पालथी, फांदीवर पसरलेल्या मांजरासारखी.
नळ सोडून ठेवला. हेअर ड्रायर लावून ठेवला.
सासूबाई फोनवर म्हणाल्या, दृष्ट लागलीय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नाही, पोट शिकतंय.
काय शिकतंय ते त्यांनी सांगितलं नाही.

इरमा न्हाणीघराचं दार लावून बसते, दहा मिनिटं.
मी मोजून देतो, ती मोजून घेते.
बाहेर येते तेव्हा केस ओले असतात
आणि डोळे कोरडे.

मी भट्टीवाला माणूस.
पहाटे चारला तोनेच्या विहिरीत कमरेपर्यंत वाकतो,
कणकेच्या होड्या तापल्या भिंतीला चिकटवतो.
हातांवर केस म्हणून उरलेला नाही.
या हातांना कणीक कळते:
कधी मळायची, कधी नुसती थोपटायची,
किती वेळ ओल्या फडक्याखाली एकटी सोडायची.
या पोरीचं काही म्हणता काही कळत नाही.

लिफ्टचा शोध कचऱ्यामुळे लागला.
एका हातात पिशवी, एका हातात ती, रडून जांभळी.
आमची ग्ल्दानीतली इमारत नऊ मजली,
आणि तिच्या लिफ्टला पैसे खायची सवय.
पिशवी टाकून परत आलो, खिशात दहा तेत्री होते.
नाणं पडलं, खण्ण.
दार खरडत मिटलं, डबा घशातल्या घशात घुमला
आणि ही गप्प.
नवव्याला दार उघडलं, ही सुरू.
मी पुन्हा तळाचं बटण दाबलं.

तेव्हापासून दुकानात मी नोट दिसली की तोंड पाडतो.
सुट्टे द्या, बाबांनो, सुट्टे.
वर, खाली. वर, खाली.
तिसऱ्यावर कुणाची तरी कांद्याची फोडणी,
आठव्यावर कुणाचं तरी भांडण, रोज तेच, रोज अर्धवट.

पाचव्यावरच्या झुझुनाबाई,
छतातून पाणी गळलं म्हणून दोन वर्षं अबोला धरलेल्या,
एका रात्री लिफ्टपुढे उभ्या.
मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.
त्यांनी हातात एक लोकरी मोजा दिला,
जड, नाण्यांनी टम्म.
"माझा जुमबेर असाच होता," म्हणाल्या,
"पण तेव्हा लिफ्ट फुकट होती.
आता टक्कल पडलंय त्याला."
आणि दार लावून घेतलं.

काल सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये वीज गेली.
गच्च काळोख. डबा एकदा हिंदकळला आणि लटकून राहिला.
मी श्वास रोखला. आता फुटेल, आता फुटेल.
नाही फुटली.
तिचं निजणं ऐकू येऊ लागलं,
परातीशी कान नेला की
फुगत्या कणकेचं येतं ना, तसं, बारीक, फसफसतं.
वरून इरमाची हाक आली:
"अडकलात का? माणसाला बोलावू?"
आणि मी, देव मला माफ करो,
दाराच्या फटीला ओठ लावून कुजबुजलो,
"थोड्या वेळानं."

पलीकडे पायरीवर कुणीतरी बसल्याचं ऐकलं.
मग डोकं भिंतीला टेकल्याचं.
त्या बाजूला ती, या बाजूला आम्ही,
मध्ये एवढंसं पत्र्याचं दार.
किती वेळ, कोण जाणे. कणीक फसली असती एवढा.

वीज आली. तेक्लेनं डोळे उघडले,
पिवळ्या बल्बकडे पाहिलं,
माझ्या दाढीतल्या पिठाकडे पाहिलं, बराच वेळ,
ओळखीचं काहीतरी आठवत असल्यासारखं.
मग हनुवटी थरथरली.

मी मोज्यात हात घातला.