वाटणी

खाणीत एकतीस वर्षं मी हवा मोजली.
मिथेन दिसत नाही, त्याला वास नाही,
म्हणून कुणीतरी यंत्र घेऊन पुढं जायचं,
वहीत आकडा लिहायचा,
आणि मागच्यांनी तो खरा मानून श्वास घ्यायचा.

आता ऑस्त्रावात, चौथ्या मजल्यावर,
दर रविवारी काचेच्या नळीत पाच मिली समुद्र घेतो
आणि थेंब टाकत जातो.
निळं. निळं. अजून निळंच.
मग एका थेंबानं सगळं पिवळं.
आठ थेंब लागले की पोवळी हाडं बांधत असतात,
सहा लागले की थांबलेली असतात,
आणि थांबलेलं पोवळं
वाढणाऱ्या पोवळ्यासारखंच दिसतं.

खालच्या वावरेचकोवा बाई जिन्यात म्हणतात,
तुमचा समुद्र रात्रभर घुमतो हो.
तो पंप, मी म्हणतो. समुद्र गप्प असतो.

पहिलं पोवळं ब्लाझेनानं आणलं, ब्रनोहून,
पिशवीतलं पाणी निवू नये म्हणून
पूर्ण गाडीभर कोटाच्या आत धरून.
हिरवं, टोकांना हातोडीचा आकार.
ती ओलोमोउत्सला गेली तेव्हा
शिलाईयंत्र तिला, कपाट मला,
खुर्च्या दोन-दोन.
शेवटी मी हाडं कापायच्या कात्रीनं
एक फांदी तोडली, पेराएवढी,
ठोकळ्यावर चिकटवून डब्यात दिली.
झाली वाटणी, वकील म्हणाला.
पण तोडल्यावर ते दोन होत नाही.
तेच एक, दोन गावांत राहतं.

फेब्रुवारीत एका रात्री हीटर चालू झाला
तो बंद व्हायचं विसरला.
सकाळी तेहतीस.
पोवळ्याच्या अंगात शेवाळ असतं, भाडेकरू म्हणा,
त्याच्याच हातचं खाऊन घरमालक जगतो.
उष्मा वाढला की आधी त्यालाच बाहेर काढतो
आणि मग रिकाम्या घरात उपाशी बसतो,
पांढराशुभ्र.
भाचा आला होता, म्हणाला,
मामा, काय सुंदर घासलंय सगळं.

वहीत नऊ वर्षांचे आकडे. एकही चुकलेला नाही.
चुकली ती नखाएवढी धातूची पट्टी,
तिच्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

तीन महिने मी नुसत्या पाण्याची काळजी घेतली.
मीठ कालवलं, थेंब मोजले,
आत राहायला कुणी नाही.
पेन्शनच्या कागदासाठी ब्लाझेनाचा फोन आला.
ते कसंय? तिनं विचारलं.
बरंय, म्हणालो.
दुसऱ्या दिवशी मीच फोन केला.

ती थर्मास घेऊन आली, वर लोकरीचा मोजा चढवलेला.
आत माझी फांदी, आता तळहाताएवढी,
तिच्या मंद दिव्याखाली जराशी तपकिरी झालेली.
किती ठेवतेस? मी विचारलं. सात? आठ?
मी मोजत नाही, रादोवान.
चहा घेताना बघते, उमललंय का.
मला रागच आला.

नवं पाणी एकदम द्यायचं नसतं.
नळीला गाठ मारली,
बादलीत दोन सेकंदाला एक थेंब पडू लागला,
आणि आम्ही त्या दोन खुर्च्यांवर
तास-दीड तास बसलो.
तिनं वावरेचकोवा बाईंच्या गुडघ्याची चौकशी केली.
मी तिच्या छपराची.
मध्येच पंपाकडं कान देऊन म्हणाली,
हा अजून तसाच घुमतो.
चार वीसच्या गाडीला ती गेली.
मोजा विसरला.

तीन दिवस ते मिटून बसलं, मुठीसारखं.
चौथ्या दिवशी संध्याकाळी एक टोक,
एकच,
बाहेर येऊन पाण्यात हललं.
मी दिवा न लावता उभा राहिलो.
वहीत आकड्याच्या जागी लिहिलं: उघडलं.

त्या रविवारी थेंब मोजायचे राहून गेले.