ड्रेपरी

हत्तुरे सरांनी टेबलावर मांडलं:
एक तांब्या, दोन कवठं, रॉकेलची बाटली,
आणि मागं, खिळ्याला अडकवून सोडलेली
आमच्याच गावची चादर.
"ही ड्रेपरी," सर म्हणाले. "तीन तास. जलरंग."

ड्रेपरी.
घरी आम्ही तिला माल म्हणतो.

मार्चमधले अकरा. डोक्यावर पत्रा टकटक वाजतोय.
तबस्सुमनं ओढणी भिजवून मानेवर घेतलीय.
वॉश टाकला की निम्म्यात सुकतो,
कडा धरतो, जुन्या चहाच्या डागासारखी.
मी पेन्सिल उचलली, आणि सवयीनं
मोजायला लागले.

कारण नान्ना मोजतात.
नान्ना ग्राफवाले. पूर्व भागात तीन गल्ल्या त्यांना विचारतात.
लाल शाईनं चौकोन भरत बसतात रात्री:
भरलेला म्हणजे भोक, रिकामा म्हणजे पुठ्ठा,
भोकातून सुई, सुईमागं दोरा,
आणि चार घरं पलीकडं खडाड्-खट, खडाड्-खट
मोर उमटत जातो.
नान्नांचा मोर दोनशे दहा चौकोन रुंद.
खरा त्यांनी एकदाच पाहिला, देगावकडच्या एका बांधावर.
बराच वेळ बघून म्हणाले,
मान जरा लांब झालीय.

सर मागं येऊन थांबले.
"काय चाललंय?"
"मोजतेय, सर."
"घडीत मोर पुरता दिसतो का तुला?"

नव्हता दिसत.
खिळ्यापासून सुटलेल्या घडीनं मान गिळली होती,
पिसारा पलीकडच्या उतारावर सांडलेला,
पाय कुठंच नव्हते.
"मग जो दिसत नाही तो काढू नकोस.
तो तुझ्या डोक्यात आहे. टेबलावर नाही."

चार वेळा खोडला. पाचव्यांदा कागदाचं साल निघालं.
पाय नसलेला मोर काढायला
हात तयारच होईना.
पाय नसले तर नान्नांचा माल परत येतो.

मग सावली.
सावलीला काळा घ्यायचा नाही, हा वर्गाचा कायदा.
मगात सकाळपासूनचं तेच पाणी.
नळ चार दिवसांआड येतो, ओतून देत नाही कुणी.
माझा लाल, तबस्सुमचा हिरवा,
उडाणशिवेच्या बोटांवरची शाई,
सगळं त्यात.
जो रंग झाला होता त्याची ट्यूब मिळत नाही.
तो तसाच घडीत सोडला.
आणि चादरीला वजन आलं,
ओली चादर दोरीवर टाकताना येतं
तेवढं.

साडेबाराला उजेड सरकला
आणि घडीच्या काठावर मोराचा डोळा वर आला.
डोळ्याखाली एक ठिपका जास्तीचा.

हा ठिपका मला माहीत आहे.
अम्मा सिव्हिलला होती त्या आठवड्यात
नान्नांनी एक चौकोन चुकून भरला.
पट्ट्या पंच झाल्या, माग चालले,
तीनशे मोर किंचित रडके निघाले.
पैसे कापले गेले. चादरी तरीही खपल्या,
लातूर, विजापूर, कुणाकुणाच्या रुखवतात,
आणि एक इथं आली, खिळ्यावर.

मी ब्रश उचलला, आणि ठेवला.
तेवढी जागा कोरी सोडली.
कागदाचा पांढरा, तांदळाएवढा.

दहापैकी सात मिळाले.
"उजेड चुकीच्या जागी पडलाय," सरांनी कोपऱ्यात लिहिलं.
"घड्या चांगल्या."

रात्री नान्नांनी चित्र ट्यूबलाइटखाली धरलं,
आडवं केलं, उभं केलं,
पट्टी शोधली, खाली ठेवली.
"विणायचं कसं हे?"
"विणायचं नाही, नान्ना."
थोडा वेळ गेला. बाहेर कुणीतरी माग बंद केला.
मग त्यांचा अंगठा फिरत फिरत
नेमका त्या कोऱ्या तांदळावर येऊन थांबला.
"सरांना कळलं?"
"नाही."
"हं," म्हणाले,
आणि लाल शाईची बाटली हलवून बघितली,
किती उरलीय.