जेवल्यावर अडतीस

वेंगुर्ल्याच्या बाजारात
एका दुकानात मी मीडियम,
समोरच्यात डबल एक्सेल.
मधला रस्ता आठ पावलांचा.
तेवढ्यात मी काय खाल्लं?

"हा घ्या वयनी, ह्यांचं लेबल बारीक असतं,"
पोरगी समजूत घालते.
पडद्याआड मीडियम
मांडीवरच अडतो.

आंतोन टेलर टेप गुंडाळताना
मान वर करायचा नाही.
"छाती एकेचाळीस. कमर सदतीस,
जेवल्यार अडतीस."
बांगड्याचा वास लागलेल्या वहीत
माझ्या वरती सासूबाई, काट मारलेल्या.

त्याचं मशीन गेलं भंगारात.
वही मी मागून आणली.

आज पिशवीतून काढून
आकडे वाचून दाखवले.
पोरीने हँगर सरकवले,
एक, दोन, सगळे.
"अशी साईज येणा नाय."