डांगर

ताहाराबादला बदली झाली तेव्हा वाटलं,
मराठीच तर आहे.
पहिल्याच सकाळी सुपडू नाना दवाखान्याच्या दारात,
"म्हस खाई नही ऱ्हायनी, बाई. रुसनी."
मी रजिस्टर उघडलं.
'रोगाचे नाव' या रकान्यात अपचन लिहिलं,
दोन पुड्या दिल्या.
चौथ्या दिवशी कळलं,
धाकटी आंडेर सासरी गेली होती नानांची.
तीच धार काढायची.
आता नाना तिची जुनी ओढणी खांद्यावर टाकून बसतात,
म्हस पान्हा सोडते.
रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
अपचनच राहिलं.

किती लांब, विचारलं की इथे हनुवटी वर होते.
तठे, म्हणजे पायी.
तठेऽ, म्हणजे फटफटी काढ.
तठेऽऽ म्हणताना डोळे मिटले
तर डबा बांधून घ्यायचा,
येताना मोसमच्या पात्रात अंधार गाठणार.

सुपडू हे नाव कसं, तेही एकदा विचारलं.
आधीची दोन लेकरं गेलेली.
तिसऱ्याला आईनं सुपात घालून उकिरड्यावर नेलं,
"टाकेल शे," म्हणाली,
मरणाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.
मग शेजारणीकडून
पसाभर बाजरीला परत विकत घेतलं.
नाना आता त्र्याहत्तरचे.
"माले अजून कोनी उचलं नही," म्हणतात
आणि तंबाखू मळतात.

आखाजीला दवाखाना बंद, असं कुठलंच परिपत्रक नाही,
पण त्या दिवशी एक शेळीसुद्धा आजारी पडली नाही.
सालदारांचं साल संपलेलं, नवं ठरायचं होतं,
निंबाखाली पत्ते,
पोलीसपाटील एक डाव हरून गेले.
नदीच्या कोरड्या वाळूत दोन्ही काठांवर पोरी
एकमेकींना शिव्या देत होत्या,
नाक, दात, भाऊ, पुढे मिळायचा नवरा,
काही म्हणून सोडलं नाही.
निम्म्या मला कळल्या.
उरलेल्या मी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतल्या.
उन्हं उतरली तेव्हा
त्याच पोरी एका झोक्यावर, दोघी दोघी.

कौतिकबाईनं ओट्यावरून हाक मारली,
"बाई, घर ये, डांगर शे."
आमच्या रत्नागिरीकडे डांगर म्हणजे
उडदाचं, ताकात कालवलेलं, वर कच्चा कांदा.
पुण्यात शिकले तिथे लाल भोपळा.
आणि नोकरीत, ढोर-डांगर.
मी थर्मामीटर, सिरिंज पिशवीत टाकून निघाले.

गोठ्याकडे वळले तर ती हसली.
चुलीशेजारी ओळीनं मातीच्या घागरी,
प्रत्येकीच्या तोंडावर एक पिवळं खरबूज.
"हाई डांगर."
ही सासऱ्याची, ही दिराची,
तिसऱ्या घागरीचं नाव ती भरभर बोलली
आणि पदरानं उगाच तिचा काठ पुसला.
चौथी रिकामी होती.
"तुना बापनं नाव काय?"

फेब्रुवारीत दहा दिवस रजा घेतली होती मी.
अर्जात कारण: घरगुती.
कुणाला सांगितलं नव्हतं.
आमच्यात घागर भरत नाहीत, म्हणाले.
ती म्हणाली,
"तेले तहान लागस का नही?"

दत्ताराम, मी म्हणाले.
तिनं दत्तूराम म्हणत पाणी ओतलं.
खाडीवर जन्म काढलेला माणूस,
घाट चढून कधी वर आला नाही,
आणि इथे, कुणाच्या तरी चुलीजवळ,
चुकीच्या नावानं
गळ्यापर्यंत भरत होता.

परतताना पिशवीत सिरिंजशेजारी अर्धं डांगर.
निंबाखालून नानांनी विचारलं,
"कथा गयथी, बाई?"
हनुवटी आपसूक वर झाली.
तठेऽऽ
नाना पत्ते पिसत म्हणाले,
"मंग डबा लई गयथी का?"