मापांची वही

ब्लाऊजच्या मापांच्या वहीत
मागच्या पानापासून उलटं लिहीत आले मी नंबर.
पुढून छाती छत्तीस, बाही नऊ, मागचा गळा खोल,
मागून नांदेड, जालना, लातूर,
कुणी दिला, किती वाजता उचलला, काय म्हणाले.
दोन्हीकडून भरत भरत वही मध्याशी आली तेव्हा
मुंजाजीला सकाळी चहाची बशी धरवत नव्हती.

पहिल्या नंबरवर नुसती भूपाळी वाजायची, मग बंद.
दुसरा म्हणाला, ताई, टेन्शन नका घेऊ,
चार पोरं पाठवतो, झोपेतच उचलतील,
महिन्याला बारा हजार, डिझेल वेगळं.
डॉक्टर कोण आहे तुमच्याकडं, मी विचारलं.
म्हणाला, शिस्त आहे.
त्या नंबरवर मी खडूनं फुली मारली,
खडू पुसला जाईल म्हणून परत पेनानं.

मावशीनं एका पुडीवाल्याचा दिला.
भाजीत कालवायची, त्याला कळत बी नाही म्हणे.
तोही लिहून घेतला. खोटं कशाला बोलू.

जालन्याची बाई मात्र हळू बोलली.
घरच्या घरी एकदम बंद करू नका, ताई,
झटके येतात, माणूस हातचा जातो.
मी हो हो म्हणत राहिले.
आठच दिवसांपूर्वी आम्ही त्याला
माझ्या शिलाईच्या खोलीत कोंडला होता, बाहेरून कडी.
भिंतीवरून सुया चालायल्यात, अक्का,
तो आतून ओरडत होता,
अन् आम्ही म्हणत होतो, नाटकं.
मायनं दारावरून लिंबू उतरवलं.
तिसऱ्या दिवशी मीच पन्नास रुपये दिले त्याला,
हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग परभणी. सरकारी दवाखाना, केसपेपर, बाकडं.
शेजारी एक माणूस पोरीचं दप्तर मांडीवर घेऊन बसलेला,
पोरगी त्याची बाटली भरून आणायला गेली होती,
पाण्याची, असं त्यानं आपणहून सांगितलं.
डॉक्टर म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांतल्या कुणाची लेक शोभावी एवढीशी.
तिनं मला नाही, त्याला विचारलं,
सोडायची आहे का तुम्हाला?
हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणी घातलाच नव्हता.
टेप लावला की बायका श्वास आत ओढतात ना,
तसा उभा राहिला. मग म्हणाला, ठाऊक नाही.
तिनं ते तसंच कागदावर उतरवलं,
जणू तेही एक उत्तर असतं.
गोळ्या दिल्या, एक चिठ्ठी दिली.

नांदेडच्या पॅसेंजरमध्ये तो पूर्णा येईपर्यंत
थरथरणारे हात मांड्यांखाली दाबून बसला.
चिठ्ठीवरचं घर गावाबाहेर, पत्र्याचं फाटक, आत लिंबाचं झाड,
फाटकाला कुलूप नव्हतं. मी दोनदा पाहिलं.
फॉर्म भरणाऱ्यानं त्याचा मोबाईल नंबर लिहिला, थांबला,
जुना रजिस्टर चाळला.
ह्या नंबरवरून आषाढात तीनदा फोन आलाय, म्हणाला.
रात्री. कुणी बोललं नाही.
मुंजाजी भिंतीवरची नियमांची पाटी वाचत होता,
पुन्हा पहिल्यापासून.

पट्टा, ब्लेड, आरसा, चार्जर परत न्या, म्हणाले.
हातातली पिशवी मी चढत्या डब्यात पोटाशी धरली.

सेलूला उतरले तेव्हा दुकानं मिटली होती.
मशीनवरचा दिवा लावून पट्टा टेबलावर उलगडला.
दुकानातून आणला तेव्हाचं भोक,
आणि खिळा तापवून त्यानं पाडलेलं शेवटचं,
मधे चार, वेडीवाकडी.
टेप लावला. साडेपाच इंच.

वहीत मध्ये एकच पान कोरं होतं.
पुढून मोजलं तर शेवटचं, मागून मोजलं तरी शेवटचं.
त्यावर लिहिलं, मुंजाजी, पँट एक,
कंबर अठ्ठावीस,
आणि खाली, विसरू नये म्हणून,
माया जास्त सोडायची.