पाटाकडे वळली की

बंद पडलेली गाडी सोपी.
बंद पडून पुन्हा चालू होणारी
रात्री जेवताना ताटात येऊन बसते.

लाल, एकशेदहा सीसी, चार जाड चाकं, लहान पोरांची.
बोरस्त्यांनी पिकअपमधून उतरवली अंबडला,
पॉवर हाऊसमागं, माझ्या शेडपुढं.
हौद्यात द्राक्षाच्या क्रेटांचा वास अजून तसाच.
"मध्येच बंद पडते, खैरनार. मग बटण दाबलं की चालू."
मध्येच म्हणजे कधी? तापल्यावर? चढाला? वळताना?
ते म्हणाले, मध्येच.

मी पोरीला विचारलं. उर्वी, नऊ वर्षांची,
हेल्मेट काखेत, कोपरावर जुनी खपली.
"पाटाकडे वळली की."
आचके देत मरते का?
"नाही. गप्प. कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखी."
तीस वर्षांत एकाही मोठ्या गिऱ्हाइकानं
मला इतकं नीट सांगितलेलं नाही.
आचके देत मरते ती पेट्रोलची,
गपकन मरते ती करंटची.

तरी तौफिकनं कार्ब्युरेटर खोललाच. जेट फुंकलं.
टाकीचं झाकण ढिलं ठेवून पाहिलं, प्लग बदलला,
बायकोचा हेअर ड्रायर आणून कॉइल तापवली, मोजली,
किल स्विचची दोरी शंभर वेळा ओढली.
शेवटी हँडलखाली, टायपट्टी जिथं आवळलेली,
काळ्या-पांढऱ्या वायरीवर तांबं दिसलं
मुंगीच्या डोक्याएवढं.
माणूस किती खूश होतो अशा वेळी!
सोल्डर, स्लीव्ह, चहा.
तीन दिवस मागच्या मोकळ्या प्लॉटवर
तौफिक, गुडघे हनुवटीला लावून,
तिला नुसती डावीकडे फिरवत राहिला.
एकदाही बंद पडली नाही.
साडेआठशे रुपये घेतले.

सोमवारी फोन. "मध्येच."

मग मीच गेलो गिरणाऱ्याला.
काढणी चालू होती, बायका मांडवाखाली वाकलेल्या,
कात्र्यांचा आवाज, मधेच कुणाचं तरी हसू.
उर्वी आली मातीच्या रस्त्यानं, धूळ मागे सोडत, अंगठा पुरता दाबून.
चालत्या गाडीकडे मी बघत नाही,
कान तिकडे लावतो आणि डोळे भलतीकडे ठेवतो.
भलतीकडे तिची आई होती,
क्रेट मोजत, वहीत रेघा ओढत,
डावा हात स्वेटरच्या खिशात.
पोर पाटाकडे वळली.
खिशात मूठ झाली.
गाडी गप्प.

रिमोट. कंपनी देतेच किल्लीसोबत, काडेपेटीएवढा.
बोरस्त्यांच्या हिशेबी तो दिवाळीतच हरवला होता.
मी विचारलंही नव्हतं.

प्रणिताताईंनी माझ्याकडे पाहिलं, वही मिटली.
"आवर्तन सुटलंय," एवढंच म्हणाल्या.
पाट काठोकाठ, रंग चहाचा, वर काटक्या पळताना.
म्हणजे पाट कोरडा असला की गाडी ठणठणीत,
पाणी आलं की आजारी.
सगळं वायरिंग तपासलं मी,
धरणाचं वेळापत्रक तेवढं राहिलं.

"सापडलं का?" बोरस्ते मांडवातून ओरडले.
सापडतंय, मी म्हणालो.

अंगठ्याच्या थ्रॉटलखाली एक स्क्रू असतो.
लॉकनट ढिला करायचा, स्क्रू आत घ्यायचा,
जितका आत, तितकी धाव कमी.
पाच फेरे आत घेतले, आईला दाखवत,
मग पाना त्यांच्याच हातात दिला.
महिन्याला एक फेरा बाहेर. घाई नाही.
आणि पुलाच्या अलीकडे दोन अँगल रोवून घ्या, तार ओढा,
बागेत पडलेत तेवढे पुरे.

"आता आपोआप बंद नाही ना पडणार?" उर्वीनं विचारलं.
मी पाना पुसत राहिलो. तो माझ्या हातात नव्हताच,
नुसतंच फडकं पुसत होतो.

रिमोट मागितला नाही.
घरी येऊन बिलबुक उघडलं. काय लिहायचं?
'वायर' लिहिलं.
तीही घासलेली होतीच.